निळी पट्टी

डेल्फिना म्हणाली, मान खाली घाला, हनुवटी छातीला.
घातली.
तीस वर्षं तिथंच तर आहे ती,
डिचोलीच्या बाजारात, फुंकणीच्या टोकाशी.

तिनं पट्टी कातरली, कोपरे गोल केले.
टोकदार कोपरा सदऱ्यात अडकून आधी सुटतो, म्हणे.
हे मला कोण सांगतंय!
फाशाचं टोक कुणाच्या गळ्याला बोचू नये म्हणून
किती कानशी झिजवल्या मी.

मध्ये ताण, टोकांना अजिबात नाही.
मग तळहातानं घासलं: ऊब लागली की डिंक धरतो.
डाग देतानाही तसंच, बाई.
पण बोललो नाही.

दुखणं गेलं का? कुठलं.
रात्री उशी तीच, ठणका तोच.
फक्त वाकलो की पाठीमागून कुणीतरी
बारीक चिमटीत कातडी धरतं.

काल तशीच ओढली, म्हणून वर पाहिलं.
समोर मयेची दर्शनी गावस,
साखळी सांधायला आलेली.
तिच्या गळ्यावरचा तीळ मला ठाऊक होता.
डोळे घारे आहेत,
हे नव्हतं.

पाचव्या दिवशी घामानं पट्टी सुटली.
कोपऱ्यातून नव्हे.