शेरा

तांबाकाट्यावर मी भावाची वही लिहायचो.
लंडनचा भाव, गोदीचा भाव, घट.
झांबियाचं तांबं जहाजाने यायचं,
पाटांच्या कडा इतक्या लाल
की गेनू हमाल हात लावून बघायचा, ओलं आहे का.

म्हणून त्यांची टीम. दुसरं कारण नाही.
तिला म्हणतातच तांब्याच्या गोळ्या.
वहीच्या उलट्या बाजूने चार रकाने पाडले:
तारीख, कोण, किती, शेरा.
अठ्ठ्याऐंशी, ऑलिंपिक, इटली, चार-शून्य.
शेरा: दुसरा पेपर आणून खात्री केली.

त्र्याण्णवचा एप्रिल.
मार्चातल्या त्या शुक्रवारनंतर
दुकानाला अजून काचा नव्हत्या, पुठ्ठे होते.
पंचवीस तारीख, मॉरिशस, तीन-शून्य.
सत्तावीस तारखेच्या रात्री विमान
गॅबनच्या किनाऱ्यावरून उठलं
आणि समुद्रात गेलं. तीस जण.
आतल्या पानावर सहा ओळी.

तारीख लिहिली.
कोण? किती?
पेनाला टोपण लावलं.
हेमराजशेठ आतून म्हणाले, भाव मांडला का?

वर्षाने नवी पोरं, थेट फायनल.
नायजेरिया, एक-दोन, हार.
शेरा: अकरा जण उभे होते.

मग मी निवृत्त, वही माळ्यावर.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत
परळच्या आमच्या इमारतीत एक मुलगा आला, किटवेचा,
आईला टाटात घेऊन.
नाव चंदा. वॉचमनने रजिस्टरात
न बघताच 'स्त्री' लिहिलं.
मी म्हटलं, तांबं.
तो म्हणाला, वडील खाणीतच होते.

फायनल रात्री एकला, माझ्या टीव्हीवर, आवाज बंद,
आत बायको झोपलेली.
गाव लिब्रेव्हिल. समुद्र तोच.
शून्य-शून्य, जादा वेळेतही शून्य-शून्य,
मग पेनल्ट्या, संपता संपेनात,
आठ-सात.
ओरडू नये म्हणून त्याने तोंडावर उशी दाबली
आणि बराच वेळ काढली नाही.

सकाळी वही दाखवली.
मराठी आकडे तो बोटाने ओळखत गेला,
त्र्याण्णवच्या ओळीवर बोट थांबलं.
पुढे कोरं.
त्याने पान उलटवलं, मग वहीच उलटी केली,
तारीख जुळवत जुळवत गेला.
हे काय?
त्या दिवशीचा भाव, मी म्हटलं.
बरा होता का?
तेजीत होता.

कालची ओळ त्यानेच लिहिली, माझ्या पेनाने.
शेरा काय लिहू, म्हणाला.
राहू दे, म्हटलं. निघ.
नऊला आईचा नंबर होता.