खालचा कप्पा

सोहारला किनाऱ्यावर तारल्या वाळत घालतात,
जनावरांच्या चाऱ्यासाठी.
वारा फिरला की वास थेट कॅम्पात शिरतो.
बाकीचे नाक दाबतात,
मी क्षणभर हर्णैला जाऊन येतो.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगायला जड जातं.

माणसं अठरा, फ्रिज एक.
फ्रिजचा मेकॅनिक मी.
वरचे दोन कप्पे आपले.
आपले म्हणजे नाशिकचे, गोपालगंजचे, कोल्लमचे,
गावी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिले नसते,
इथे उतरताच आपले झाले.
खालचा कप्पा त्यांचा.
ते म्हणजे गेटवरचे तिघे,
दोन किसुमूकडचे, एक कंपालाचा.
त्यांच्यासाठी आमच्यात एक शब्द होता.
तो इथे लिहीत नाही,
पण वापरत होतो,
भाजीत मीठ टाकावं तितक्या सहज.

मधोमध काळी इन्सुलेशन टेप.
सरळ. लेव्हल लावून मारलेली.

जुलैतल्या एका जुम्म्याला कॉम्प्रेसर बसला.
पार्ट येणार मस्कतहून, रविवारी.
सगळ्यांचं सगळं बाहेर काढलं,
जे टिकणार नव्हतं ते शिजवायला घेतलं.
टेबलाला कप्पे नव्हते.

ओकेचने कागदाचं पुडकं सोडलं.
बोटाच्या पेराएवढी, चांदीच्या किसासारखी मासळी.
वाळलेली. ती खराब होणारी नव्हतीच,
तरी त्याने ती पुढे सारली.
'ओमेना. मेरा माँ सुखाता है.'
मी चिमूट उचलून हुंगली.
अरे, ही तर आमच्या मांदेलीची मावसबहीण!
कांदा चिरला, चार आमसुलं टाकली.

अर्ध्या जेवणात त्याने विचारलं,
आवाज न चढवता:
'टेप किसने मारा?'
सुगतनला एकदम पाणी प्यायचं सुचलं.
'मैंने,' मी म्हणालो.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.
त्याने सांगितलं,
किसुमूत एका मुहिंदी दुकानदाराकडे
त्याची आई बारा वर्षं कपडे धूत होती.
तिचा मग वेगळा. मागच्या दारी, खिळ्याला.
'हम भी तुम लोग को एक नाम बोलता है.'
तेही सांगून टाकलं. चांगलं नव्हतं.

खिळ्याला.

माझ्या बापाचा कप गोठ्याच्या वळचणीला असायचा,
कान तुटलेला, उपडा.
दिवसभर खोताच्या कलमांना कुंपण घालून
तो कप स्वतः विसळायचा,
चहा वरून ओतून घ्यायचा,
पुन्हा विसळून तिथेच खोचायचा.
मी सहा वर्षांचा. मला करवंटी.
हे कॅम्पात कुणाला सांगितलं नव्हतं.
आडनाव कळू नये म्हणून
नुसतं मेकॅनिक म्हणवून घेत होतो.
त्या दिवशी बोललो, आडनावासकट.
नाशिकचा वाघचौरे ताटाकडे बघत राहिला.

ओकेचने आमसुलाची साल बाजूला काढली.
'फिर तुमने कैसे मारा?'

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.
आहे ते एवढंच, की हात माझा होता,
आणि लेव्हलही माझीच.

रात्री टेप ओढली. ती निघाली, डिंक राहिला.
थिनर लावलं, नखांनी खरवडलं,
तरी त्या रेषेवर धूळ बरोबर येऊन बसते.
'छोड दो,' ओकेच म्हणाला. 'काम आएगा.'

पगार अजून पासपोर्ट बघूनच ठरतो.
ते यंत्र माझ्याच्याने उघडत नाही.

काल जळगावचा नवा पोरगा आला,
हातात लोणच्याची बरणी.
'दादा, आपला कप्पा कोणता?'

ओकेच दारात ड्यूटीचे बूट बांधत होता.
मराठी त्याला कळत नाही.
तरी थांबला,
नाडी हातात धरून.