काटा

स्कूटर गेली कडुनिंबाखाली,
तिच्या जागी हे साडेतीनशे किलोचं धूड.
हिंगण्याहून टेम्पोत आलं. गेडामनं पहार लावली,
म्हणाला, "काऊन बे, रिटायर झाला ना तू?"

मानेवाड्याची काळी माती, फरशी एका कोपऱ्यात दबलेली.
लेव्हलमधला बुडबुडा दाराकडे पळतो
शाळा सुटलेल्या पोरासारखा.
पायाखाली पत्र्याची चकती सारली. अजून अर्धी.

व्हाइसचं ग्रीस रॉकेलनं पुसलं.
कोलेट सहाच आले, आठ नंबरचा नाहीच.
क्लॅम्पचे नट ठेवायला मसाल्याचा डबा उचलला,
कुसुमनं पाहिलं, बोलली नाही.

पहाटे पाचला डायल लावतो;
ऊन चढलं की लोखंड मत बदलतं.
डावीकडे शून्य, उजवीकडे तीन शतांश.
हेडवर हातोडीची टकटक,
शेजारी उठू नयेत इतकीच.
दोन.
एक.
काटा एकावरच बसला.

कंपनीत पस्तीस वर्षं
दुसऱ्यानं लावून दिलेल्या शून्यावर काम केलं.
हा एक माझा.

पहिलं काम कूलरच्या पंपाचं ब्रॅकेट.
चार भोकं, त्यातलं एक जरा तिरपं.
मी चष्मा लावून बघत बसलो.
कुसुम म्हणाली, "पाणी तं येते ना?"