दुभाषी

बुमथांगला, शेगडीपाशी,
नामगे ओमना मी पाहुण्यांचा प्रश्न सांगितला:
शून्य ते दहा, तुम्ही किती सुखी?

त्या मागावरचे लोकरी दोरे मोजत राहिल्या.
मग म्हणाल्या,
परवा रात्रभर गाय अडली होती,
आज वासरू उभं राहिलंय.
मुलगा पर्थला भांडी घासतो,
फोनवर दात दाखवतो,
डोळे नाही.
आणि हे दहा कुणाचे?

मी म्हटलं, सात.

आज थिंफूच्या सभागृहात
तो सात निळा खांब होऊन उभा आहे.
ओस्लोचे प्राध्यापक त्याच्यावर लाल ठिपका नाचवतात.
टाळ्या.

चहाच्या सुट्टीत फोन लावला.
काय सांगितलंस रे माझ्यावतीनं?
सात.
त्या खोकला येईपर्यंत हसल्या.
बरं,
वासराला तेच नाव ठेवते.