शून्य ते दहा

दुसऱ्या वर्षाच्या वहीत एक पट्टी छापलेली आहे.
शून्य म्हणजे दुखत नाही.
दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.
पेशंटला विचारा, आकडा लिहा, वेळ लिहा, सही घ्या.

स्किल लॅबमधल्या पुतळ्याला आम्ही
मागच्या बॅचपासून मंदाताई म्हणतो.
तिच्या दंडाची पार चाळण झालीय
आणि तिचा आकडा कायम शून्य.

पण फीमेल सर्जिकल, खाट क्रमांक एकोणीस:
हौसाबाई कुचेकर, वय अंदाजे साठ,
नाना पेठ ते भवानी पेठ काच-कागद-पत्रा वेचते.
शुगर. उजव्या टाचेला जखम.
मी विचारलं, मावशी, शून्य ते दहात किती?
ती म्हणाली, दहा काय? रुपये?

मग आपणहूनच सांगत सुटली.
गुडघे ठणकतात, रात्री जास्त.
कमरेत उसण भरलीय दिवाळीपासनं.
मानेतनं चमक निघते ती थेट करंगळीपर्यंत.
पोटऱ्यांत गोळे, तळहातांची भगभग,
सकाळी पोटात नुसतं कालवतं,
आणि हितं (छातीवर मूठ ठेवली)
हितं कसंतरी होतं, ते नको लिहू.

मी पाच रकाने आखून बसलेले, इंग्रजीत.
ठणका, कळ, सणक, रग,
सगळ्यांसाठी माझ्याकडे एकच शब्द, पेन,
हॉस्टेलच्या मेसमध्ये
सगळ्या भाज्यांना एकच रस्सा असतो तसा.

आणि टाच?
टाच गुणाची हाय, ती म्हणाली.
काच आठ दिवस आत होती,
हूं नाही की चूं नाही.
मी खूश झाले. टाचेपुढे लिहिलं, शून्य.

सुवार्ता मॅडम राउंडला आल्या.
बत्तीस वर्षं नोकरी, चष्मा दोरीला.
माझ्या शून्याभोवती लाल पेनानं
आणखी एक शून्य काढलं.
खिशातून नायलॉनचा धागा काढला,
हौसाबाईंना डोळे मिटायला लावले.
लागलं की सांगा हं.
धागा अंगठ्यावर वाकला,
तळव्यावर वाकला,
पुन्हा अंगठ्यावर.
हौसाबाई डोळे मिटून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ,
थोड्या वेळानं म्हणाली,
लावा की बाई आता.

व्हरांड्यात मॅडम एवढंच म्हणाल्या,
ओरडणारीकडे सगळेच धावतात गं.
तू रोज हा पाय बघायचास.

म्हणून रोज आठ वाजता तो पाय माझ्या हातात.
सलाइननं धुताना भेगांतून
कुठल्या कुठल्या गल्ल्यांची काळी माती निघाली.
मी पुस्तकातल्या पायऱ्या पुटपुटत होते
आणि हौसाबाई खिडकीतून स्टेशनकडची वाहतूक बघत होती,
पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी.
पट्टी गुंडाळता गुंडाळता
माझा हात पोटरीपाशी पोचला तेव्हा दचकली.
सिस्टर, हात किती गार तुझे!

तिथून पुढे तिचं शरीर सुरू होत होतं.
आणि सिस्टर म्हणाली.
मी मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं.

केअर प्लॅनच्या समासात मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
ठणका, उसण, चमक, गोळे, भगभग,
आणि सगळ्यात खाली, कसंतरी.
मॅडम खाडाखोड चालू देत नाहीत,
समासात तर काहीच नाही.
त्यांनी वाचलं. सही केली.
दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हौसाबाईंचा ईसीजी काढायला सांगितला.

रात्री परांड्याहून आईचा फोन.
बरी आहेस ना?
मी नेहमीसारखं म्हणणार होते, काही नाही गं, मजेत.
पांढरे बूट कॉटखाली, पायांवर मोज्यांचे वळ,
जीभ टाळूला लागलेली, काही ना...

टाचा ठणकतात गं, मी म्हणाले,
आणि पाठीला रग लागलीय.

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग आई म्हणाली,
बादली आहे का तिथं? मीठ आहे?