उजवी काच

पांढरकवड्याला, वणी रोडवर, टायरवाल्याच्या भिंतीला टेकून
माझं पत्र्याचं दुकान. आत दोन पंखे,
एक चालतो.
मे महिन्यात गाडीचा दरवाजा खोलला
की पॅनेलच्या क्लिपा बोटाला चटका देतात,
आणि तुटतात.
क्लिप तुटली की दरवाजा जन्मभर करकरतो.
म्हणून उन्हाळ्यात मी काम पहाटे घेतो.

लोक येतात ते आकडा घेऊन.
हजार वॅट. बाराशे वॅट. मागच्या फळीवर चार डबे.
मी सांगून पाहतो,
गाणारा माणूस समोर उभा असतो हो,
पाठीमागून कोण गातं?
दोनच घ्या, चांगले घ्या, पुढच्या दरवाजात बसवू,
पत्र्याला आतून डांबराची शीट चिकटवू,
नाहीतर स्पीकरच्या आधी पत्राच वाजेल.
आणि तार उलटी जोडू नका घरी जाऊन:
एक ढकलतो, दुसरा ओढतो,
ढोलकी दोघांच्या मधे मरून जाते.
ऐकून घेतात सगळं.
मग म्हणतात, चारच बसवा.

नथ्थू मडावीजवळ आकडा नव्हता.
जिनिंगमध्ये एकवीस वर्षं, आता ही जुनी व्हॅन,
शाळेची पोरं नेतो, दुपारी भाजीचे कॅरेट.
"मोठा नको भाऊ, साफ पायजे.
आन् आधीच सांगतो, मले डावा कान नाही.
थो रेच्याले देल्ला."

सोपं आहे, मी मनात म्हटलं.
दोन्ही बाजूंचं गाणं एक करायचं,
उजव्या खांबावर ट्विटर, जरा कानाकडे वळवून,
उजव्या दरवाजात मोठा स्पीकर.
माझ्या पेनड्राइव्हवर मीच भरलेले आवाज आहेत:
स्टीलच्या ताटात ओतलेली चिल्लर,
बायकोची शिवणमशीन, डाळमिलचा पट्टा.
चिल्लर चिल्लरसारखी वाजली
की बाकीचं गाणं आपोआप नीट लागतं.
ड्रिल हातात घेतलं होतं मी.

"उजवीकडे नको," नथ्थू म्हणाला.
"तिकडून पोरगी बोलते."

पोरगी तर डावीकडे बसत असेल.

"हाव. बसते डावीकडंच.
पण तिचा आवाज या काचेले लागून येते मले.
म्हून काच वर ठेवतो, उन्हातान्हात बी.
करंजीपर्यंत बडबड चालते तिची.
तिले वाटते, बाप घाम गाळते उगाच."

काच.
सतरा वर्षं मी काचेला शिव्या घातल्या.
आवाज उलटा फेकते, धार लावते,
गाण्याचा चेहरा बिघडवते.
तिच्यापायी कोन मोजले, फेल्ट लावलं,
गिऱ्हाईकाशी भांडलो.

लंकेशला डावीकडे बसवलं.
मी ड्रायव्हरच्या जागी, काच वर,
डाव्या कानात बोट.
बोल म्हटलं काहीतरी.
"काय बोलू?" तो म्हणाला,
आणि ते उजवीकडून आलं,
बारीक, चपटं,
गाडीबाहेर कोणी उभं राहून विचारावं तसं.

मग गाणं डाव्या दरवाजात घातलं, खाली, पायाजवळ.
ट्विटर डॅशच्या त्या कोपऱ्यात, तोंड वर करून.
उजव्या दरवाजात नुसतं डांबर, दोन थर.
स्पीकरच्या खड्ड्यावर जुनी जाळी तशीच ठेवली,
दिसायला बरी.
चिल्लर वाजवून पाहिली.
माझ्या दोन कानांना ती वाकडी लागली.
त्याने मान हलवली, हं, पैसे आहेत.

संध्याकाळी पोरगी आली, बॅग मांडीवर,
दार ओढता ओढता काही बोलली.
मी टायरवाल्याजवळ होतो, शब्द कळले नाहीत.
नथ्थू हसला,
पण जरा उशिरा.
हाच उशीर मी स्क्रीनवर बोटाने कमी-जास्त करतो,
त्याचे पैसे घेतो.

ट्विटर जोडीनेच येतो. अर्धी जोडी कंपनी परत घेत नाही.
बिल अर्ध्याचंच केलं.
उरलेला ड्रॉवरमध्ये आहे,
फ्यूज शोधताना खडखडतो.
लंकेश दर महिन्याला विचारतो,
हा एकटा कोणाले देऊ?