गाठीपर्यंतची लांबी

ऑफिसातल्या बाईने कोटावर चिकटवला
माझ्या नावाचा कागद, वर लाल अक्षरांत 'पाहुणा'.
पाहुणी म्हणावं, असं वाटून गेलं. पण त्यांच्या भाषेत
पाहुण्याला लिंग नसतं, आणि या पाहुणचारात चहाही नसतो.

तिसरा तास, बीजगणित.
रेडिएटरशेजारी मला एक खुर्ची.
मांडीवर तक्ता: दर पाच मिनिटांनी खूण करायची,
कोण बोलतंय, कोण ऐकतंय, कोण नुसतंच बसलंय.
खिडकीबाहेर ईरीचं सरोवर, काठाकाठाने गोठलेलं.

मिसेस ओबर्ग विचारतात,
उणे गुणिले उणे अधिक का?
आणि गप्प उभ्या राहतात.
अकरा सेकंद मोजले मी.
आमच्या वर्गात एवढ्या वेळात
दोघंजण अंगठे धरून उभे असते.
'नियमच आहे तसा,' कुणीतरी पुटपुटतं.
'कुणी केला?' त्या विचारतात.
माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.

माझ्या पुढच्याच बाकावर एलिना घिमिरे
समासात बारीक आकडेमोड करते.
५, ८, हातचा १...
मी चष्मा पुसून पुन्हा बघते.
हो, आपलाच पाच, आपलाच आठ.
छावणीतून आलेल्या कुण्या आजोबांनी
इथल्या स्वयंपाकघरात गिरवून घेतले असतील.
उत्तर आलं की ती समास खोडून टाकते,
रबराचा भुसा फुंकते,
आणि वर इंग्रजी आकड्यांत उत्तर लिहिते,
जसं काही ते तिथेच उगवलं.

पाचवा तास फिजिक्सचा.
दोऱ्याला टांगलेले गोल्फचे चेंडू.
गुरुत्वाकर्षण मोजा, म्हणतात मिस्टर कुहार्स्की.
शेजारच्या टेबलावर पाच मिनिटांत नऊ पूर्णांक आठ.
कसं, ते मला विचारा.
कराडला प्रॅक्टिकलच्या जर्नलात
मी आधी उत्तर लिहायची, मग उलटी चालत
एकेक रीडिंग पेरत मागे यायची.
दहापैकी नऊ मिळायचे.

डेशॉनचं येतं नऊ पूर्णांक एक.
पुन्हा वीस हेलकावे. पुन्हा नऊ पूर्णांक एक.
'तुझी पृथ्वी हलकी आहे रे,' कुणी हसतं.
तो खोडत नाही.
कुहार्स्की त्याच्याजवळ उकिडवे बसतात:
'लांबी कुठून कुठपर्यंत घेतलीस?'
'गाठीपर्यंत.'
'बरं,' म्हणतात, आणि चक्क
पुढच्या टेबलाकडे निघून जातात.
डेशॉन चेंडूकडे बघत राहतो.
तक्त्यात मी लिहिते: नुसताच बसलाय.
मग ते खोडते.

घंटा होते. खुर्च्या, दप्तरं, गलका.
दोरा अजून थोडा हलतोय.

सहाव्या तासाची पोरं आत आली
तेव्हा मी पट्टी घेऊन वाकले होते,
गाठीपासून चेंडूच्या मध्यापर्यंत.
दोन सेंटिमीटर, वर एक रेघ.
'तुम्ही बदली टीचर का?' एकीने विचारलं.
नाही म्हटलं मी,
आणि पट्टी पाठीमागे लपवली,
कॉपी पकडल्यासारखी.